मेहरचा माड

“अडतीस!” नासोर ओरडला.

कंपनीच्या माणसाने चुन्याच्या डब्यात कुंचला बुडवला आणि माडाच्या बुंध्यावर आकडा ओढला. ओल्या चुन्याचा एक ओघळ पाय ठेवायच्या पहिल्या खाचेपर्यंत आला आणि तिथेच अडला.

“मालक?” शेहाने वहीतून मान वर न काढता विचारले. शेहा म्हणजे गावातला सरकारचा माणूस. जन्म, मरण, भांडण, सगळे त्याच्या वहीतून जाते.

सकाळपासून हेच चालले होते. नासोरने आकडा ओरडायचा, शेहाने मालक विचारायचा, माचानोने नाव सांगायचे. मवेनी गावाच्या किनाऱ्यावर जमीन सरकारची, पण माड ज्याचा त्याचा. एवढ्याशा या वाडीत एकसष्ट माड आणि मालक तेवीस. कोणाला बापाकडून आलेला, कोणाला सुंतेच्या दिवशी मामाने दिलेला, कोणाला उपकाराच्या बदल्यात मिळालेला. कागद एकाकडेही नाही. कागद म्हणजे माचानो. बेचाळीस वर्षे तो या वाडीतल्या माडांवर चढत होता, नारळ पाडून ज्याचे त्याच्यापुढे टाकत होता आणि दर माडामागे एक नारळ मजुरी घेत होता. कोणता माड कोणाचा हे त्याच्या तळपायांना पाठ होते. म्हणूनच कंपनीच्या फॉर्मवर तळाशी ‘साक्षीदार’ म्हणून जी रेघ होती, तिच्यावर अंगठा त्याचा लागायचा होता.

सदतीस नावे त्याने धडाधड सांगितली. अडतीसला तो थांबला.

“माचानो फौम,” नासोरनेच सांगून टाकले. “लिहा शेहासाहेब. हा दाजींचा, आणि शेजारचा एकोणचाळीस, तोही दाजींचाच. चला, चाळीस!”

“थांब,” माचानो म्हणाला.

“आता काय थांबायचं, दाजी? ऊन बघा. तीनला गोरे येणार आहेत.”

“अडतीस माझा नाही.”

नासोरने काळा चष्मा डोक्यावर चढवला. हा माचानोच्या बायकोचा भाऊ. पूर्वी मासळी विकायचा, आता जमिनीची दलाली करतो. त्याच्याकडे दोन फोन असतात. मासळी विकताना तो जितका खरा बोलायचा, तितकाच आताही बोलतो.

“दाजी, काल आपलं बोलणं झालं होतं.”

“बोलणं तुझं झालं. मी चहा प्यायलो.”

आणि ते खरे होते. आदल्या दिवशी संध्याकाळी नासोर साखरेची पिशवी आणि एक भले थोरले कलिंगड घेऊन माचानोच्या ओट्यावर आला होता. इथे बत्तीस बंगले होणार, म्हणाला. युरोपातल्या लोकांनी नकाशावर बघूनच निम्मे घेतले आहेत. घर घ्यायचे, वर्षातून दहा दिवस येऊन राहायचे, उरलेले दिवस ते उन्हाला हपापलेल्या दुसऱ्या गोऱ्यांना भाड्याने द्यायचे आणि आपण तिकडे बर्फात बसून भाडे खायचे. याला गुंतवणूक म्हणतात. मवेनीच्या एखाद्याने असे घर बांधायचे म्हटले असते, तर लोकांनी त्याला धरून मंत्र घालणाऱ्याकडे नेले असते. पण कागद इंग्रजीत असला आणि बोलणारा गोरा असला की वेडालाही अक्कल म्हणायची पद्धत आहे.

बंगल्यांच्या मधोमध पोहण्याचा तलाव होता, आणि तलावाच्या मधोमध अडतीस आणि एकोणचाळीस.

“मिझेमावशीकडे काय पुरावा आहे?” नासोर म्हणाला होता. “साक्षीदार सगळे मातीखाली गेले. उरलात तुम्ही. तुम्ही म्हणाल तो मालक. एका माडाचे पैसे मिळायचे तिथे दोनाचे मिळतील. वर आपल्या उस्सीला फाटकावर नोकरी, गणवेशासकट.”

माचानो काहीच बोलला नाही. आता मवेनीत निकाह लावताना मुलीला विचारतात, आणि मुलगी गप्प राहिली की ते कबूल समजतात. नासोरने आपल्या साठ वर्षांच्या दाजींचेही तसेच समजले, आणि कलिंगड ठेवून उठला.

“मग कोणाचा म्हणता?” शेहाने विचारले.

“मिझेचा. मिझे बिंती हामदचा.”

मागे उभ्या लोकांत कोणीतरी फिसकन हसले. शेहाचे पेन वहीवर उभेच राहिले.

“ती सुंभ वळते ती मिझे? तुझी ती...”

“हो. माझी ती. पहिली.”

“तिचा माड इथे कुठून आला?”

“मी दिला. मेहरमध्ये.”

आता कोणी हसले नाही. मेहर म्हणजे निकाहाच्या वेळी नवऱ्याने बायकोला द्यायची वस्तू. ती एकदा दिली की तिची. पुढे संसार टिको, मोडो, ती परत मागणाऱ्याला गावात कोणी पाणी विचारत नाही.

तेवढ्यात दुपारच्या नमाजाची अजान झाली. शेहाने वही मिटली. “तीनला इथेच. मिझेला निरोप पाठवा. आणि माचानो, घरी जाऊन डोकं शांत कर. एका माडापायी गावाचं काम अडवू नकोस.”

“गावाचं काम?” माचानो म्हणाला. “गाव यात राहणार आहे?”

शेहा वही काखेत मारून मशिदीकडे वळला.

माचानो घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. रिझिकी, त्याची दुसरी बायको, चुलीपुढे पाठमोरी बसली होती. नारळाच्या दुधातला कसाव्याचा कंद तिने त्याच्या पुढ्यात असा आदळला की थोडा चटईवर सांडला.

“मला काय होता हो मेहर?” तिने विचारले.

“तुला माहीत आहे.”

“तुमच्या तोंडून ऐकू दे.”

“पलंग. आणि शिवणयंत्र.”

“म्हणजे मला पलंग आणि तिला माड!”

“पलंग चांगला आहे. सागवानी आहे.”

“पलंगाला नारळ लागतात का?”

माचानो घास चावत राहिला. रिझिकी काही वाईट बाई नव्हती. तीस वर्षे तिने त्याच्या गुडघ्यांना तेल चोळले होते. पण गरीब माणसाच्या घरात नोकरी येता येता उंबऱ्यावरून परत गेली की कोणीही असेच बोलेल.

“पोरगा चोवीस वर्षांचा झाला. दुसऱ्याच्या होडीत बसून आठ दिवसांनी तीन मासे आणतो. माझ्या भावानं शब्द टाकला होता त्याच्यासाठी. तुम्हाला ती मिझे दिसली.”

“मला माड दिसला.”

“बरं. गेला तो एक. एकोणचाळीस तरी आपला आहे ना?”

माचानोने तांब्या उचलला, उभ्यानेच गटागट पाणी प्यायला आणि मागच्या पडवीत गेला.

पडवीत खुंटीला त्याचा पायफास लटकत होता. चढताना दोन्ही पावलांत अडकवायचा दोराचा वेढा. तो माडाला धरून ठेवतो आणि माणसाला वर ढकलतो. माचानोचा फास निळ्या नायलॉनचा होता, होड्यांचे तुटके दोर किनाऱ्याला लागतात त्यातला. गावातले बाकीचे चढणारे सुंभाचा फास वापरत आणि त्याला हसत. नायलॉन माडावर घसरतो. एकतीस वर्षे तो घसरत घसरतच चढत होता.

त्याआधी आठ वर्षे त्याचे फास मिझे वळायची. तिच्या हाताचा सुंभ सबंध किनाऱ्यावर नावाजलेला. खाडीच्या चिखलात नारळाची सोडणे पुरून ठेवायची, सहा महिन्यांनी कुजली की उकरायची, मोगरीने बडवायची आणि मांडीवर वळायची. आठव्या वर्षी एका सकाळी माचानो पडला. फास तुटला. चार पुरुष उंचीवरून तो खाली आला, खांदा निखळला, बरगड्या गेल्या. लोकांनी त्याला झोळीत घालून आणले. दाराशी मिझे उभी होती. दुखण्याने त्याचे डोके फिरले होते, आणि आई कानाशी बोलत होती, ‘वांझेच्या हातचा दोर, आणखी काय होणार?’ तो चटईवरून ओरडला, “कुजका दोर वळून मला मारायला निघालीस!” आणि सगळ्यांदेखत त्याने तलाक उच्चारला. तीनदा. मिझेने मोगरी उचलली, डोक्यावरून घेतलेले कांग्याचे कापड सारखे केले आणि भावाच्या घरी गेली.

पंधरा दिवसांनी तो उठून बसला तेव्हा त्याला पडवीतली खुंटी दिसली. खुंटीवर नवा फास होता, तो पडला त्याच्या आदल्या रात्री तिने वळून ठेवलेला. त्या सकाळी अंधारात, आळसाने, त्याने हाताला लागला तो जुना उचलला होता. मिझेने दोनदा टाकून द्यायला सांगितलेला.

हे त्याने कोणालाच सांगितले नाही. त्यावर आणखी एक पाप होते. निकाहात त्याने मेहर एका माडाचा नाही, दोन माडांचा कबूल केला होता. बापाने लावलेले, जुळ्या भावांसारखे शेजारी उभे असलेले दोन माड. एक त्याच दिवशी दिला, दुसरा ‘पुढे देईन’ म्हणाला. तलाक झाला त्या दिवशी तो दुसरा द्यायलाच हवा होता. मशिदीत लोकांनी विचारले तेव्हा माचानोने सांगितले, “तिने सोडला. माफ केला म्हणाली.” ती असे कधीच म्हणाली नव्हती. भाऊ तिला म्हणाला, जा, भांड. ती गेली नाही. दर तीन महिन्यांनी फक्त आपल्या एका माडाखाली टोपली घेऊन येऊन बसायची. तो चढायचा, पाडायचा. ती नारळ गोळा करायची, मजुरीचा एक नारळ जमिनीवर ठेवायची, आणि जायची. एकतीस वर्षे, एका शब्दाशिवाय. शेजारच्या माडाकडे तिने मान वळवून पाहिले नव्हते.

तीनला वाडीत माणसे जमली. कंपनीचा इंजिनियर नकाशा पसरून बसला होता, आणि त्याच्या मागे एक गोरा, सात नंबरच्या बंगल्याचा मालक. मारेक त्याचे नाव. उंच, नाकावर मलमाचा पांढरा थर. शेजारी त्याची बायको टोपीने वारा घेत उभी. सबंध आयुष्याची पुंजी आपण इथे घातली आहे, असे तो भेटेल त्याला सांगत होता. खोटे नसेल. पण गावाने त्याला घालायला सांगितली नव्हती.

मिझे खाडीकडूनच आली, तशीच. कांगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, पोटऱ्यांना चिखल, हातात मोगरी. कुजलेल्या सोडणांचा वास तिच्या चार पावले पुढे चालत होता. गोऱ्या बाईने नाकाला रुमाल लावला. मिझेने ते पाहिले आणि मुद्दाम तिच्या शेजारीच जाऊन उभी राहिली.

“काय काम काढलंत? ओहोटी सुरू आहे. माझी सोडणं उघडी पडलीत.”

“मिझे,” शेहा म्हणाला, “अडतीस नंबरचा माड तुझा, असं माचानो म्हणतो.”

“त्यानं म्हणायला हवं होतं का? माझा तो माझाच.”

“मग मावशी, तुमचं नशीबच उघडलं!” नासोरने लगेच सूर बदलला. त्याला हे जमत असे. सकाळी ज्याचा गळा कापायचा, दुपारी त्यालाच हार घालायचा. “कंपनी माडाचे पैसे देते. तुमच्यासाठी मी दुप्पट करून घेतो. इथे अंगठा द्या, झालं.”

“नाही द्यायचा.”

“तिप्पट.”

“नासोर, तू मासे विकायचास तेव्हाही असाच करायचास. मासा नासला की भाव वाढवायचा.”

लोक खदखदून हसले. मारेकने काय झाले म्हणून विचारले. इंजिनियरने सांगितले. तो पुढे आला आणि चांगल्या आवाजात, खरेच चांगल्या आवाजात, काहीतरी बोलला.

“ते विचारतायत, तुमचा आकडा तुम्हीच सांगा,” नासोर म्हणाला.

मिझेने गोऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “त्याला विचार, लग्नात बायकोला मेहर काय दिला होता?”

नासोरने विचारले. गोरा गोंधळला. त्याच्या बायकोला आधी समजले आणि ती मोठ्याने हसली. अंगठी दाखवून ती काहीतरी बोलली.

“अंगठी, म्हणतात.”

“मग तिला विचार, विकतेस का? तिप्पट देते म्हणावं. माझ्याकडे सुंभ आहे.”

गोरी बाई हसायची थांबली. तिने अंगठी रुमालात झाकली.

“मावशी, माडाची आणि अंगठीची गोष्ट वेगळी,” नासोर वैतागला. “माड म्हातारा झालाय. अजून किती देणार?”

“म्हातारी मीही झालेय. मलाही विकतोस का? अरे, वर्षातून चारदा तो मला पोटाला देतो, आणि कधी विचारत नाही की तुझा नवरा कुठाय, पोर का नाही. या जगात माझ्या मालकीची उभी वस्तू एवढीच. बाकी सगळं माझं पडलेलं आहे.”

शेहाने पेन खाली ठेवले. इंजिनियर नकाशावर बोट फिरवत होता. तो शहरातला शिकलेला तरुण होता, उद्धट नव्हता. म्हणाला, “राहू द्या साहेब. अडतीस नको. एकोणचाळीस निघाला तरी भागेल. तलाव थोडा सरकवू. यांचा माड काठावर राहील.”

“बघा! सुटला प्रश्न!” नासोरने टाळी वाजवली. “मावशींचा माड मावशींना, दाजींचा कंपनीला. लिहा साहेब.”

 मिझे बुंध्याशी वाकली, मोगरीच्या दांड्याने दोन माडांमधली माती उकरली आणि उठली. माचानोला कळले. बेचाळीस वर्षे जो माडावर चढतो त्याला मुळे सांगावी लागत नाहीत. दोन्ही माडांची मुळे एकमेकांत गुंतलेली होती. मध्ये दोन पुरुष खोल खड्डा झाला की अडतीसची एका बाजूची मुळे जातील. दक्षिणेचा वारा सुटला की पहिल्याच पंधरवड्यात तो आडवा होईल. मग कोणाच्याही अंगठ्याची गरज नाही.

“दाजी,” नासोर म्हणाला. आता त्याचा आवाज हळू आणि गोड होता. “तुमचा तरी देता ना?”

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. गर्दीत मागे त्याचा मुलगा उस्सी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हते, आणि तेच बघवत नव्हते.



“तोही माझा नाही,” माचानो म्हणाला.

“म्हणजे?”

“मेहर दोन माडांचा होता. एक दिला. दुसरा दाबून ठेवला. मशिदीत मी सांगितलं, तिने सोडला. तिने सोडला नव्हता. मी खोटं बोललो. लिहा शेहासाहेब. एकोणचाळीस, मिझे बिंती हामद.”

 मग एक म्हातारा मागून म्हणाला, “लाज वाटत नाही का रे, चारचौघांत हे सांगायला?”

“वाटते,” माचानो म्हणाला. “सांगितलं नव्हतं तेव्हाही वाटत होती. तेव्हा तू विचारलं नाहीस.”

मिझेने मोगरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ती त्याच्याकडे वळली आणि एकतीस वर्षांनी त्याच्याशी बोलली.

“म्हणजे माझ्या एका माडावर चढलास म्हणून माझ्याकडून मजुरी घेत होतास, आणि माझ्याच दुसऱ्या माडाचे सगळे नारळ घरी नेत होतास?”

“हो.”

“आणि तो दुसरा पाडायचास तेव्हा मजुरी कोणाला द्यायचास?”

“मलाच.”

पुन्हा हशा पिकला. या वेळी माचानो खाली मान घालून उभा होता आणि लोक त्याला पोटभर हसत होते. मिझे हसली नाही.

“लिहा शेहासाहेब,” ती म्हणाली. “दोन्ही माझे. दोन्ही द्यायचे नाहीत. आणि तू. पुढच्या पाडपाला ये. मजुरी ठरलेली आहे ती. फुकट चढू देणार नाही. उपकार नकोत मला तुझे.”

ती ओहोटी गाठायला निघून गेली. तिने कागदावर अंगठा लावला नाही. साक्षीदाराच्या रेघेवर माचानोने लावला, इतका दाबून की शाई पलीकडे उमटली.

कंपनी सरळ ऐकणारी नव्हती. महिन्याभराने खणायचे यंत्र आले, आणि आखणीत ‘चुकून’ दोन्ही माड होते. माचानो कोयता मांडीवर घेऊन यंत्र आणि माड यांच्या मध्ये जाऊन बसला. अकरा दिवस बसला. शेहा येऊन समजावून गेला, पोलीस येऊन दम देऊन गेला. “मी कुठे काय करतोय?” तो सगळ्यांना सांगायचा. “माडाखाली बसलोय. मालकिणीला विचारा, तिची हरकत असेल तर उठतो.” मालकिणीची हरकत नव्हती. ती पाहायलासुद्धा आली नाही. रिझिकी घरात त्याच्याशी बोलत नव्हती, पण रोज दुपारी उस्सीच्या हाती डबा यायचा, आणि डब्यात कसाव्यावर मासा असायचा. बाराव्या दिवशी यंत्र दहा हात पलीकडे सरकले.

पुढे काय झाले ते ऐका आणि हसायचे की थुंकायचे ते तुम्हीच ठरवा. तलाव माडांना वळसा घालून कोयत्यासारखा वाकडा बांधावा लागला. कंपनीने त्याचे फोटो छापले. खाली लिहिले, अस्सल गावातले जुने माड असलेला तलाव. त्या दोन माडांमुळे बंगल्यांचा भाव वाढला. मारेकच्या सात नंबरचाही वाढला. तो माणूस आता सगळ्यांना सांगतो की माड ठेवायची कल्पना त्याची.

दीड वर्ष कामात गेले. तेवढ्या काळात आत जायला बंदी होती. सुकलेले नारळ आपोआप पडले ते कामगारांनी खाल्ले. काम संपले, पाहुणे आले, आणि एका सकाळी माचानो आणि मिझे फाटकाशी उभे राहिले. तो आधी आला होता, ती मागून आली. दोघांत वीस पावलांचे अंतर होते.

फाटकावर उस्सी होता, गणवेशात. गावातला एक तरी माणूस हवा म्हणून कंपनीने शेवटी त्यालाच घेतले होते.

“बाबा, इथे नाव लिहावं लागतं. आणि काम.”

“तू लिही.”

“काम काय लिहू?”

“माड.”

उस्सीने लिहिले. मग मिझेकडे पाहून, जरा चाचरत, “मावशी, तुमचं?”

“मालकीण लिही.”

तलावाच्या काठाने लांब खुर्च्यांवर गोरे पडले होते. त्यांच्यामधून मिझे टोपली आणि काथ्याचे बोचके घेऊन सरळ चालत गेली आणि एकोणचाळीसच्या बुंध्याशी फतकल मारून बसली. मॅनेजर धावत आला.

“बाई, पाहुण्यांच्या वेळेत नाही चालणार. पहाटे या, सगळे उठायच्या आत.”

“माड काय तुमच्या पाहुण्यांना विचारून पिकतो?”

“अहो, कोणाच्या डोक्यात नारळ पडेल!”

“मग उठव त्यांना. माडाखाली झोपायला मी सांगितलं नव्हतं.”

मॅनेजर दोन्ही हात जोडून खुर्च्या हलवायला गेला. बिचाऱ्याला दुसरे काय येत होते?

माचानोने निळा फास पावलांत अडकवला आणि अडतीसला मिठी घातली. दीड वर्षात तो एकाही माडावर चढला नव्हता. पहिल्या सात-आठ उड्या बऱ्या गेल्या. मग नायलॉन सरकू लागला.  निम्म्यावर तो माडाला कवटाळून थांबला. खालून चार-पाच जण फोन रोखून त्याचे चित्र घेत होते. मग हळूहळू खाली आला. बेचाळीस वर्षांत रिकाम्या हाताने तो कधी उतरला नव्हता.

त्याने मिझेकडे पाहिले नाही. पाणी नको, बसायला नको, काही नको, असा तो उभा राहिला.

मिझे मांडीवर काथ्या वळत होती. ती बसल्यापासून वळतच होती. आता तिने दोन पेडांत तिसरा पेड घातला, टोके एकमेकांत ओवली, गाठ मारली, वेढा टाचेखाली धरून दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढला. गाठ हलली नाही. मग ती उठली, तलावाच्या काठाशी गेली आणि तो फास त्या निळ्या पाण्यात बुडवून चांगला भिजवला. काथ्याचा तांबडा रंग पाण्यात सुटला आणि पसरत खुर्च्यांच्या दिशेने गेला. मॅनेजर पुन्हा खुर्च्या मागे सारू लागला.

तिने ओला फास माचानोच्या पायांशी टाकला.

“घे. आणि या वेळी तरी जुना घेऊन चढू नकोस.”

माचानोने मान वर केली. ती टोपलीतला पालापाचोळा झाडत होती. खुंटीवरचा तो फास इतकी वर्षे फक्त आपल्यालाच दिसतो आहे, असे त्याला वाटत आले होते.

त्याने वाकून निळा नायलॉन पावलांतून काढला आणि तिथेच, गुळगुळीत फरशीवर, सोडून दिला. सुंभाच्या वेढ्यात पावले घातली. माडाला मिठी घातली आणि सगळा भार त्या दोरावर टाकला.

वर पोचायला त्याला बराच वेळ लागला. मिझेने एकदाही वर पाहिले नाही. पहिला नारळ दणकन खाली पडला तेव्हा तिने फक्त टोपली पुढे ओढली.